ज्येष्ठांच्या मेंदूत पाणी: आधी चाल मोजा, मग स्कॅन, मग ऑपरेशन

सत्तरीतल्या बाबांची चाल बिघडली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, लघवी आवरत नाही म्हणून प्रोस्टेटच्या डॉक्टरांकडे, विसरायला लागले म्हणून आणखी तिसरीकडे. तीन फायली तयार होतात, पण त्या एका टेबलावर शेजारी शेजारी कुणी ठेवत नाही. मग कधीतरी ते पडतात, सीटी स्कॅन होतो, रिपोर्टात ‘व्हेंट्रिकल्स मोठी’ असं येतं आणि घरात एकदम ऑपरेशनची घाई सुरू होते. आधीची दिरंगाई आणि नंतरची घाई, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: चाल कुणी नीट पाहिलेली नसते, मोजलेली तर नसतेच.

हा लेख साठीनंतर हळूहळू होणाऱ्या नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसबद्दल, म्हणजे एनपीएचबद्दल आहे. मेंदूत आणि पाठीच्या कण्यात जे पाणी असतं ते मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं. शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार करतं आणि जुनं शोषून घेतं. हा मेळ बिघडला की मेंदूतल्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल्स, फुगतात. एनपीएचमध्ये पाण्याचा दाब मोजला तर बहुधा नॉर्मल येतो. डोकं दुखत नाही, उलट्या होत नाहीत. त्यामुळे ‘आता वय झालं’ या वाक्याखाली तो वर्षानुवर्षं खपून जातो.

## टप्पा १: हा हळू चालणारा आजार आहे की तातडीची वेळ?

पुढचे सगळे टप्पे सावकाश करायचे आहेत. पण त्याआधी हे तपासा. काही तासांत किंवा दिवसांत वाढलेली डोकेदुखी, पहाटेच्या उलट्या, एकाची दोन दिसणं, गुंगी, हाक मारल्यावर नीट ओ न देणं, फिट येणं, ताप आणि मान आखडणं, यांपैकी काहीही असेल तर हा एनपीएच नव्हे. दाब वाढलेला हायड्रोसेफॅलस असू शकतो: मेंदूतला रक्तस्राव, गाठ, डोक्याला मार, टीबीचा मेनिंजायटिस किंवा मेंदूत टेपवर्मच्या अळीची गाठ, कारण काहीही असो. आपल्याकडे टीबी हे कारण विसरून चालत नाही. आठवडाभर बारीक ताप, डोकेदुखी, भूक नाही आणि मग गुंगी असा क्रम दिसला तर दवाखान्यात नाही, न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करा.

सावधान: अशा रुग्णाचं स्कॅन होण्याआधी पाठीतून पाणी काढू देऊ नका. वाट अडून दाब वाढलेला असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. पाणी वाहून नेणारा मार्ग अडलेला असेल तर उपचारही वेगळा असतो. मेंदूच्या तळाशी दुर्बिणीने छोटं भोक पाडून पाण्याला दुसरी वाट करून दिली जाते, किंवा तातडीने नळी टाकली जाते.

यातलं काही नसेल, तक्रारी महिन्यांमागून महिने हळूहळू वाढल्या असतील, तरच पुढे वाचा.

## टप्पा २: घरी चाल पाहा आणि मोजा

एनपीएचमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात आधी चाल बिघडते. विसराळूपणा नंतर येतो. विसराळूपणा आधी आणि दोनतीन वर्षांनी चाल बिघडली, तर दुसऱ्या आजाराची शक्यता जास्त. म्हणून ‘कधीपासून?’ या प्रश्नाचं उत्तर तिन्ही तक्रारींसाठी वेगवेगळं लिहा. वर्ष आठवत नसेल तर सणवार आणि प्रसंग धरा: गेल्या गणपतीत आरतीला किती वेळ उभे राहिले, नातीच्या लग्नात मांडवात न धरता चालले का, पंढरपूरला किंवा सोसायटीच्या जिन्यावर कधीपासून हात धरावा लागला. लोकांना तारीख आठवत नाही, प्रसंग बरोबर आठवतात.

काय पाहायचं? पाऊल जमिनीवरून उचललं जात नाही, पाय लोहचुंबकाने धरून ठेवल्यागत घासत पुढे सरकतो. पावलं लहान असतात, दोन पायांतलं अंतर वाढलेलं असतं, पंजे थोडे बाहेर वळलेले. चालायला सुरुवात करताना पाय ‘सुटत’ नाही. आणि वळताना सगळ्यात स्पष्ट दिसतं: निरोगी माणूस मागे वळायला दोनतीन पावलं घेतो, इथे सबंध शरीर एका ठोकळ्यात फिरतं आणि पाचसहा किंवा जास्त पावलं लागतात. पलंगावर निजवून पाय हलवायला सांगितले तर मात्र बळ चांगलं असतं. हा विरोधाभास लिहून ठेवा, डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

मोजमाप असं करा:

1. हात टेकायच्या दांड्या असलेली खुर्ची भिंतीला लावून ठेवा. तिथून तीन मीटरवर टेपने रेघ आखा.
2. ‘उठा, रेघेपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा’ एवढंच सांगा. उठल्यापासून बसेपर्यंतचे सेकंद मोबाईलवर मोजा.
3. मग सरळ दहा मीटर चालवा. घरात जागा नसते. सोसायटीचा पॅसेज, शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप चालतो. सुरुवातीला आणि शेवटी मीटरभर जादा जागा ठेवा म्हणजे सुरू होण्याचा आणि थांबण्याचा वेळ मधे येणार नाही. सेकंद आणि पावलं दोन्ही मोजा.
4. हे दोनतीनदा करा, मधे बसून विश्रांती घेऊ द्या आणि मधला आकडा लिहा. सगळ्यात चांगला आकडा लिहायचा मोह होतो, तो आवरा.
5. शेवटी व्हिडिओ: समोरून, बाजूने आणि वळताना. पावलं दिसलीच पाहिजेत. साडी असेल तर घोट्याच्या वर खोचून घ्या, लेंगा किंवा धोतर वर घ्या. चेहऱ्याचा व्हिडिओ काढून उपयोग नाही, आणि बहुतेक लोक नेमका तोच काढून आणतात.

कोणती चप्पल, काठी होती का, कुणी हात धरला होता का, किती वाजले होते, हे प्रत्येक मोजणीसोबत लिहा. पुढे पाणी काढून याच आकड्यांशी तुलना करायची आहे. तेव्हा चप्पल बदलली तरी हिशोब चुकतो.

सावधान: मोजताना एक माणूस रुग्णाच्या अगदी शेजारी, अर्धं पाऊल मागे हवा, हात पुढे केलेला. एकटे मोजू नका. वळताना पडण्याचा धोका जास्त असतो.

इथे थांबून तपासा: तुमच्याकडे तीन मीटरचा आकडा, दहा मीटरचा वेळ, पावलांची संख्या, तारीख आणि निदान एक असा व्हिडिओ आहे का ज्यात वळताना दोन्ही पाय दिसतात? नसेल तर स्कॅनची तारीख आली तरी हे आधी करा.

## टप्पा ३: लघवी आणि डोकं, हेही लिहून ठेवा

लघवीच्या बाबतीत सुरुवातीला घाई होते: आली की लगेच जायला हवं, थांबता येत नाही. मग रात्री वारंवार उठणं. मग बाथरूमच्या दारापर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले, कारण पाय लवकर चालत नाहीत आणि लघवी थांबत नाही. दोन अडचणी एकमेकींना वाढवतात. तीन दिवस वेळ, अंदाजे किती, गळती झाली की नाही, हे वहीत लिहा. या वयाच्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटही बहुधा वाढलेला असतो. म्हणून दोन्ही एकत्र असू शकतात. चाल पडताळण्याआधी प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. लघवीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ आणखी वाढवतात. ही गोळी चालू असेल तर न्यूरॉलॉजिस्टला आवर्जून सांगा.

डोक्याच्या बाबतीत विसरणं कमी आणि मंदावणं जास्त दिसतं. प्रश्न विचारला की उत्तर येतं, पण उशिराने. पेपर हातात असतो, वाचला जात नाही. सुटे पैसे मोजताना अडखळायला होतं. स्वतःहून काही करायची इच्छा मावळते. घरचे म्हणतात, ‘फार शांत झालेत.’ याउलट माणूस ओळखीच्या गल्लीत वाट चुकतो, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारतो, शब्द सापडत नाहीत, तर अल्झायमरकडे लक्ष द्यावं लागतं. दोन्ही आजार एकाच माणसात असणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून तिन्ही लक्षणं जमली की एनपीएच पक्का, आणि एखादं कमी असलं की नाही, असा हिशोब करू नका. अनेक रुग्णांत तीनपैकी दोनच असतात.

## टप्पा ४: मेंदूकडे वळण्याआधी या गोष्टी वगळा

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. यातली बरीच कारणं गोळी बंद करून किंवा इंजेक्शन देऊन सुधारतात.

औषधांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा. चक्करेसाठी महिनोन्‌महिने चालू असलेली सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड: ही औषधं पार्किन्सनसारखी चाल तयार करतात. केमिस्टकडून तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा भरून घेतलेली असते आणि ‘ती तर साधी ॲसिडिटीची गोळी’ म्हणून कुणी सांगतच नाही. बंद करायची का आणि कशी, ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम यादी पूर्ण देण्याचं.

रक्तात बी१२, थायरॉइड, साखर, सोडियम पाहायला सांगा. शाकाहारी माणूस, आणि त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारा, यांच्यात बी१२ कमी निघण्याची शक्यता चांगली असते. त्यानेही पाय अडखळतात आणि विसर पडतो.

मान आणि कंबर तपासून घ्या. मानेत मज्जारज्जू दाबला गेला असेल तर चाल ताठर होते आणि लघवीचाही त्रास होतो, हातांची बोटं बटण लावताना अडखळतात. कमरेतली वाट अरुंद झाली असेल तर थोडं चालल्यावर पायात कळा येतात आणि बसल्यावर थांबतात. गुडघ्याचा माणूस लंगडतो, पण त्याचे पाय जमिनीला चिकटत नाहीत.

पार्किन्सनशी गल्लत सगळ्यात जास्त. तिथे बहुधा एका हाताला कंप असतो, चालताना हात हलत नाहीत, दोन पायांत अंतर कमी असतं आणि लेव्होडोपा या पार्किन्सनच्या गोळीने फरक पडतो. एनपीएचमध्ये हात बऱ्यापैकी हलतात, त्रास कमरेखाली जास्त. लेव्होडोपा दोनतीन महिने पुरेशा डोसमध्ये घेऊनही चाल तसूभर सुधारली नाही, तर त्याच गोळीचा डोस वाढवत बसण्यापेक्षा व्हेंट्रिकल्सकडे पाहा.

## टप्पा ५: स्कॅन, आणि रिपोर्टात काय शोधायचं

सीटीवर व्हेंट्रिकल्स मोठी आहेत की नाही एवढं कळतं. पुढे जायचं असेल तर एमआरआय हवा. चिठ्ठीवर ‘मेंदूचा एमआरआय’ एवढंच लिहिलं तर रेडिओलॉजिस्ट ठोकळेबाज रिपोर्ट देतो. डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘एनपीएचची शंका, चाल बिघडली आहे’ असं लिहायला सांगा आणि या गोष्टी मोजून मागा.

पहिली, इव्हान्स इंडेक्स. व्हेंट्रिकल्सच्या पुढच्या शिंगांची रुंदी भागिले त्याच पातळीवर कवटीची आतली जास्तीत जास्त रुंदी. ०.३ पेक्षा जास्त असेल तर व्हेंट्रिकल्स मोठी. पण वयामुळे मेंदू आकसला तरी हा आकडा वाढतो, म्हणून तो एकटा काहीच सिद्ध करत नाही.

दुसरी, कॅलोसल कोन, म्हणजे समोरून घेतलेल्या चित्रात उजव्या आणि डाव्या व्हेंट्रिकलमध्ये होणारा कोन. एनपीएचमध्ये तो सहसा ९० अंशांहून कमी असतो, नुसत्या आकसलेल्या मेंदूत जास्त.

तिसरी, पाण्याची वाटणी. डोक्याच्या माथ्याजवळच्या सुरकुत्यांतली जागा गच्च दाबलेली आणि कानाजवळच्या मोठ्या खाचेत मात्र पाणी भरपूर, असं असेल तर एनपीएचच्या बाजूने झुकतं माप पडतं. सगळीकडेच सुरकुत्या रुंद झाल्या असतील तर बहुधा आकसलेला मेंदू.

सावधान: स्कॅन पाहून एनपीएच ठरत नाही. व्हेंट्रिकल्स मोठी आहेत पण माणूस ठणठणीत चालतो, अशांना शंट, म्हणजे जादा पाणी वाहून नेणारी नळी, टाकायचा नसतो. आणि चाल बिघडलेल्या माणसाच्या रिपोर्टात ‘वयानुसार बदल’ असं लिहिलं म्हणून फाइल बंदही करायची नसते. फिल्म किंवा सीडी घेऊन जा, नुसता कागद नको. न्यूरोसर्जन चित्र स्वतः पाहतो.

## टप्पा ६: पाठीतून पाणी काढून चाचणी

सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची पायरी ही, आणि सर्वांत जास्त वाया घालवली जाणारीही हीच. कल्पना सोपी आहे: कमरेतून थोडं पाणी काढायचं आणि चाल सुधारते का पाहायचं. सुधारली तर शंटचा फायदा होण्याची शक्यता चांगली. पण ‘सुधारली’ हे ठरवायला आधीचा आकडा लागतो, आणि तो कुणी घेतलेला नसतो.

### तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा नवी औषधं चालू असतील तर आठवडाभर आधी सांगा. कोणती, किती दिवस थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाची गोळी घरच्या घरी बंद करणं पाणी काढण्याहून कितीतरी धोकादायक.

चाचणीच्या दिवशी झोपेची किंवा गुंगीची गोळी टाळता येते का विचारा. गुंगीतला माणूस कसा चालणार? फिजिओथेरपिस्ट कधी येणार, किती वाजता मोजणार, हे आदल्या दिवशी ठरवून घ्या. खाजगी हॉस्पिटलात ही वेळ ठरलेली नसली तर चाचणी म्हणजे नुसतं पाणी काढणं उरतं.

### क्रम

1. सुई टोचण्याआधी, त्याच दिवशी, तीन मीटर आणि दहा मीटर मोजा, व्हिडिओ घ्या. घरचे जुने आकडे सोबत ठेवा, पण त्यावर भागवू नका.
2. रुग्णाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घेतात, कमरेत भूल देऊन सुई घालतात. आधी दाब मोजायला हवा. तो पाण्याच्या २४ सेंटिमीटरहून जास्त आला तर एनपीएचऐवजी दुसरं कारण शोधावं लागतं.
3. ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात. साध्या तपासणीसाठी काढतात त्यापेक्षा हे बरंच जास्त आहे. पाच-दहा मिलिलिटर काढून ‘फरक नाही’ म्हटलं तर ती चाचणी झालीच नाही. संशय असेल तर यातलाच नमुना पेशी, प्रोटीन आणि टीबीसाठी पाठवतात.
4. दोनचार तासांनी तीच मोजणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शक्य असेल तर आणखी एक दिवस.

शरीर ताशी साधारण २० मिलिलिटर पाणी तयार करतं, म्हणजे काढलेलं पाणी दोनतीन तासांत परत भरून येतं. तरीही चाल सुधारली तर ती सुधारणा अनेकदा दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकते. म्हणून ‘दोन तासांत फरक नाही, घरी जा’ हे चूक. काहींना फरक दुसऱ्या दिवशीच दिसतो.

### इथल्या नेहमीच्या चुका

आशेने पाहणं ही सगळ्यात मोठी. मुलाला वाटतं बाबा बरे चालतायत, सुनेला वाटतं तसेच आहेत. व्हिडिओ आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवून पाहा. शक्य झालं तर कोणता कधीचा हे न सांगता तिसऱ्या माणसाला दाखवा. वेळ आणि पावलं यांत दहा ते वीस टक्के किंवा जास्त फरक हवा, एखाद्या सेकंदाने हुरळून जाऊ नका.

दुसरी चूक: फक्त स्मरणशक्ती तपासणं. ती एका दिवसात बदलेल ही अपेक्षा चुकीची आहे, चाल बदलू शकते.

तिसरी: पाणी काढल्यावर माणूस दिवसभर उताणा झोपवून ठेवणं आणि मग चालवायलाच न उठवणं. डोकेदुखीच्या भीतीने हे होतं. उभं राहिल्यावर डोकं दुखू लागलं तर निजवा, पाणी-सरबत द्या, डॉक्टरांना सांगा. पण सगळ्यांना आधीपासूनच पलंगाला खिळवू नका.

चाचणी नकारार्थी आली तर? तिथे दार बंद करू नका. एकदा पाणी काढल्यावर फरक पडला तर शंट काम करेल असं बऱ्यापैकी म्हणता येतं. फरक पडला नाही तर शंट काम करणारच नाही असं मात्र म्हणता येत नाही. संशय पक्का असेल तर हॉस्पिटलात ठेवून कमरेत बारीक नळी घालतात आणि तीन दिवस ताशी साधारण १० मिलिलिटर पाणी काढतात. ही चाचणी जास्त भरवशाची, पण जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि रात्रीही परिचारिकेचं लक्ष लागतं. जिथे हे नेहमी होतं अशाच ठिकाणी करा.

## टप्पा ७: ऑपरेशन ठरवताना

एनपीएच बरा करणारी गोळी नाही. मूत्रल गोळ्या किंवा ॲसिटॅझोलामाइड यांच्यावर महिने काढू नका. उपचार म्हणजे शंट: मेंदूच्या पोकळीत एक बारीक नळी, कानामागे कातडीखाली व्हॉल्व्ह, आणि तिथून मान-छातीच्या कातडीखालून पोटात उतरलेली लांब नळी. पोटातल्या पडद्यात पाणी शोषलं जातं. पोटाची आधी मोठी ऑपरेशनं झाली असतील तर नळी हृदयाकडे नेता येते. कमरेतून पोटात नेणारा प्रकारही आहे, जपानमध्ये तो बराच वापरतात.

किती अपेक्षा ठेवायची? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९ रुग्णांना शंट बसवला. काहींचा व्हॉल्व्ह पाणी वाहू न देणाऱ्या सेटिंगवर ठेवला होता आणि रुग्णांना ते ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी चालू शंटवाल्यांचा चालण्याचा वेग स्पष्ट वाढला, दुसऱ्या गटाचा जवळपास तिथेच राहिला. चालू शंटवाले पडलेही कमी. लघवी आणि स्मरणशक्तीत तीन महिन्यांत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचण्याचे प्रकार चालू शंटवाल्यांत जास्त झाले. पाणी काढल्यावर ज्यांची चाल सुधारली होती, त्यांनाच या चाचणीत घेतलं होतं. मागचा टप्पा गाळून ऑपरेशन करणाऱ्याला हे निकाल लागू करता येत नाहीत.

माझा कौल असा: चाल मुख्य तक्रार, आजार फार जुना नाही आणि पाणी काढल्यावर आकडे सुधारले, तर वय पंच्याऐंशी असलं तरी फक्त वयावरून नाही म्हणू नये. चाल बरी, पण स्मृती पार गेलेली, अंथरुणावर वर्षानुवर्षं, तर शंटकडून फारसं मिळणार नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगणारा सर्जन चांगला समजा.

सर्जनला हे विचारा: व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येणारा आहे की ठरलेल्या दाबाचा? सेटिंग बदलण्याचं यंत्र याच हॉस्पिटलात आहे का? उभं राहिल्यावर पाणी जास्त वाहू नये यासाठी त्यात सोय आहे का? वर्षात असे किती शंट तुम्ही करता? ठरलेल्या दाबाचे भारतीय बनावटीचे व्हॉल्व्ह कितीतरी स्वस्त पडतात आणि चांगलं कामही करतात. पण पाणी जास्त किंवा कमी वाहिलं तर पुन्हा ऑपरेशन लागतं. एनपीएचमध्ये दाब नॉर्मलच असतो, त्यामुळे थोडं इकडे तिकडे झालं तरी फरक पडतो. परवडत असेल तर बदलता येणारा घ्यावा असं मला वाटतं.

पैशांचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूची बरीच ऑपरेशनं येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, कारण मंजुरी आधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग नाही. महागडा व्हॉल्व्ह पॅकेजमध्ये बसतो का, हे लेखी घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, अशा सरकारी ठिकाणी न्यूरोसर्जरी विभाग आहेत. वेळ लागतो, पण तोवर टप्पा २ ते ६ पूर्ण करता येतात.

## टप्पा ८: घरी आल्यावर

सुधारणा काहींना आठवड्याभरात, काहींना महिन्यांत दिसते. बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल तर सुरुवात जास्त दाबावर करतात आणि आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं खाली आणतात. प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीन मीटर आणि दहा मीटर मोजा आणि त्याच वहीत लिहा. फॉलो-अपला ‘बरं आहे’ असं सांगण्यापेक्षा ही वही पुढे करा. आकडे सुधारायचे थांबले तर डॉक्टर सेटिंग बदलायचं का ते ठरवतात. सेटिंगचा आकडा विचारून लिहून ठेवा, नाव, मॉडेल आणि सेटिंग असलेलं शंट कार्ड मागा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

फिजिओथेरपी शंटइतकीच गरजेची. पायांना महिनोन्‌महिने न चालण्याची सवय लागलेली असते. बाथरूममध्ये पकडायची दांडी, ओली लादी पुसून कोरडी, रात्री वाटेवर दिवा, दाराच्या उंबरठ्याला रंगीत पट्टी. चाल सुधारल्यावर माणूस धाडसी होतो आणि नेमका तेव्हा पडतो. शंटवाल्या माणसाचं पडणं साधं समजू नका, डोक्याला लागलं तर सीटी करून घ्या.

यांतल्या पहिल्या दोहोंसाठी ताबडतोब हॉस्पिटल, वाट पाहायची नाही:

- ताप, मान आखडणं, जखमेला लाली किंवा पू, नळीच्या वाटेवर सूज, पोटात सतत दुखणं. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो.
- वाढती डोकेदुखी, एका बाजूला अशक्तपणा, नवी गुंगी, फिट. रक्त साचलं असू शकतं, आणि हे आठवड्यांनी, महिन्यांनीही होतं.
- उभं राहिलं की डोकं दुखतं, निजलं की थांबतं: पाणी जास्त वाहतंय, सेटिंग पाहायला हवं. हे त्याच दिवशी नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा.

जुनी चाल हळूहळू परत येऊ लागली तर ‘आजार वाढला’ असं गृहीत धरू नका. आधी नळी अडली आहे का, व्हॉल्व्हचं सेटिंग बदललंय का, ते तपासायला लावा. बद्धकोष्ठता साधी वाटते, पण पोटातला दाब वाढून पाणी उतरायला अडथळा येऊ शकतो. पोट साफ राहील असं पाहा.

कोणत्याही कारणासाठी नंतर एमआरआय करायचा झाला तर टेबलावर झोपण्याआधी शंट कार्ड दाखवा. काही बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने हलतं आणि त्यानंतर लगेच तपासून पुन्हा लावावं लागतं. सेटिंग तपासायची वेळ एमआरआयच्या दिवशीचीच घ्या. चुंबक असलेले मोबाईल कव्हर किंवा हेडफोन कानामागे व्हॉल्व्हला टेकवू नका. दाताचं काम, मोतीबिंदू, पोटाचं ऑपरेशन, काहीही ठरलं तरी शंट आहे हे पहिल्या भेटीत सांगा, आणि अँटिबायोटिक लागेल का ते न्यूरोसर्जनला फोन करून विचारा.